कुत्रं आडवं आलं नव्हतं

फोन आला तेव्हा मी बेअरिंग मोजत होते. बिजौलीच्या ज्या लहानशा कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळते, तिथे दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि घरी निघण्याआधी मला तो खण उरकायचा होता. फोनवर दादाचं नाव दिसलं. माझी स्कूटर दुरुस्तीला गेलेली, त्यामुळे त्या दिवशी तोच मला न्यायला येणार होता. लवकर पोचला असेल असं समजून मी 'पाच मिनिटं थांब, येतेच' म्हणाले. पलीकडून एका अनोळखी माणसानं विचारलं, "आप सुनी स्टोर बोल रही हैं?" माझ्या भावानं माझा नंबर या नावानं ठेवला आहे हे मला तेव्हा कळलं. तो माणूस म्हणाला की एक बुजुर्ग साहब मोटारसायकलवरून पडले आहेत, शुद्धीवर आहेत, त्यांनीच हा नंबर लावायला सांगितला. जागा आमच्या फाटकापासून दीड किलोमीटरवर होती. मी खणाला कुलूप लावलं, मोजलेला आकडा पाटीवर लिहिला, किल्ली सुपरवायझरच्या हातात दिली आणि निघाले. आता लिहिताना लक्षात येतं की कुलूप लावायला मी विसरले नाही.

त्याला जाऊन सात आठवडे झाले. आमच्या इथल्या मराठी मंडळानं शोकसभेत बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं. झाशीत आम्ही मराठी माणसं मोजकी, सगळी एकमेकांना ओळखणारी. समोर चाळीस ओळखीचे चेहरे असताना जे सांगायचं ते सांगता आलं नसतं. ते लिहिता येईल असं वाटतं. मधुकर माझा सख्खा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमच्या घराण्यातलं कोणीतरी सव्वादोनशे वर्षांपूर्वी कारकुनी करायला इकडे आलं आणि राहिलं. तेव्हापासून आम्ही इथलेच. दादा सरकारी अभियांत्रिकी कंपनीत निरीक्षण विभागात होता. तिथे तयार झालेला सुटा भाग त्याच्या टेबलावर यायचा, तो मापायचा, आणि नापास असेल तर त्यावर लाल रंगाचा फराटा ओढायचा. तेहेतीस वर्षं त्यानं हेच केलं. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. लक्ष्मी गेटच्या आत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तो दोन खोल्यांत एकटा राहायचा. स्वयंपाक स्वतः करायचा, बरा करायचा, आणि माझ्या हातची भाजी पाणचट असते असं माझ्या नवऱ्यासमोर सांगायचा.

नोकरी लागल्यावर तिसऱ्या वर्षी त्यानं मोटारसायकल घेतली आणि मग दुसरी घेतलीच नाही. तिच्या मीटरवर पाचच आकडे होते. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की पुन्हा सगळी शून्यं. तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी मागे बसले होते. मानिक चौकातून सामान घेऊन येत होतो, मांडीवर दहा किलो गहू, आणि भर गर्दीत यानं गाडी बाजूला लावली. मला वाटलं पंक्चर झालं. "उतर," म्हणाला, "बघ." मी गव्हाची पिशवी कडेवर घेऊन वाकले. शेवटचा नऊ जवळजवळ पूर्ण वर सरकला होता. त्यानं गाडी हातानं ढकलत चार पावलं पुढे नेली, आणि एकामागून एक पाचही नऊ गेले आणि पाच शून्यं आली. मागचा हातगाडीवाला ओरडत होता, "काय भैया, सड़क पे पूजा कर रए का?" दादानं त्यालाही बोलावून मीटर दाखवला. मग समोरच्या दुकानातून जिलबी घेतली आणि अर्धी त्या हातगाडीवाल्याला दिली. त्यानंतर ती गाडी आणखी एकाहत्तर हजार किलोमीटर चालली. सगळं मूळचं असं तिच्यात फारसं उरलं नव्हतं, पण काय केव्हा बदललं हे त्याला तोंडपाठ होतं, आणि एकही गोष्ट वेळेआधी किंवा वेळेनंतर बदललेली नाही असं तो म्हणायचा. माझा अनुभवही तोच. एका वेळेपुरता अपवाद.

ज्यांनी कधी मोटारसायकलखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवते ती चेन. ती दोन दातेरी चकत्यांवर फिरते, पुढे लहान, मागे मोठी. आमच्याकडचे मिस्त्री त्यांना गरारी म्हणतात. चेन झिजते तशी लांबते, आणि लांबलेली चेन गरारीचे दात खाते. झिजलेले दात मग चेनला आणखी झिजवतात. म्हणून बदलायचं तर तिन्ही एकदम बदलायचं. जुन्या गरारीवर नवी चेन चढवली तर ती नवी चेन चार महिन्यांत म्हातारी होते. हे दादानं मला मी कॉलेजात असताना शिकवलं आणि पुढे भेटेल त्याला शिकवत राहिला. केव्हा बदलायचं, हा मात्र त्याच्या लेखी खरा प्रश्न होता. मागच्या गरारीच्या अगदी टोकाला चेन धरून बाहेर ओढायची. अर्धा दात उघडा पडला तर संपली. दात सरळ उभे न राहता एका बाजूला लाटेसारखे वाकलेले दिसले तर संपली. चाक हळूहळू फिरवत चेन खालून उचलून बघायची. एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागली तर मग बाकी काहीही दिसो, संपली. आणि या सगळ्याच्या वर बोट. तो चेनच्या खालून अंगठा आणि तर्जनी फिरवायचा, डोळे मिटून, एकेक कडी, शंभराच्या वर कड्या. कुठली वळताना अडते, कुठली आडवी हलते, ते त्याला बोटाला कळायचं. गाडीवरचं चेनचं झाकण त्यानं केव्हाच काढून टाकलं होतं, मध्ये कुणी नको म्हणून. दर रविवारी सकाळी नऊ वाजता दारापुढे पोतं पसरून त्याचं हे चालायचं. गल्लीतले लोक त्याला 'चेन के डॉक्टर' म्हणायचे आणि आपापल्या गाड्या घेऊन यायचे. तो बोट फिरवायचा आणि सांगायचा, "अभी चार हज़ार और." किंवा, "आज ही." 'आज ही' म्हटलं की लोक तिथूनच मिस्त्रीकडे जायचे.

माझं आणि त्याचं आयुष्यभराचं भांडण याच गोष्टीवर होतं. मी स्टोअरवाली. आमच्याकडे पट्टा किंवा बेअरिंग किती झिजलंय हे कोणी विचारत नाही. ठरलेले तास भरले की ते काढायचं आणि नवं घालायचं. काढलेलं कधी कधी चांगलं ठणठणीत असतं. असू दे. माणसाच्या अंदाजावर यंत्र चालवायचं नाही, असं मला पहिल्या वर्षी शिकवलं गेलं आणि ते मला पटलं. मी दादाला म्हणायचे, वीस हजार किलोमीटर झाले की चेन-सेट बदल आणि विषय संपव. तो हसायचा. "आली बाई तारीख घेऊन," म्हणायचा. "अगं, चेनला विचार ना. ती सांगते." मी म्हणायचे की चेन बोलत नाही. तो म्हणायचा, तू ऐकत नाहीस. हा वाद दिवाळीत व्हायचा, श्राद्धाच्या जेवणात व्हायचा, एकदा तर माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर झाला. आणि खरं सांगायचं तर दरवेळी तोच बरोबर निघायचा. इतरांच्या चेन जिथे वीस हजारांत जायच्या तिथे त्याची तीस-बत्तीस हजार चालायची. साफ करून, तेल देऊन, ताण बघून. इतक्या वर्षांत ती एकदाही रस्त्यात तुटली नाही की उतरली नाही. हळूहळू मी वाद नुसता सवयीनं घालायला लागले. आतून मला त्याचं पटत गेलं होतं. आता हे मला जड जातं, पण तसं झालं होतं.

एकदाच मी त्याला या बाबतीत खरोखर चिडलेला पाहिला. लक्ष्मी गेटपाशी इरशाद मिस्त्रीचं गॅरेज आहे. हा इरशाद दादाहून दहा वर्षांनी लहान, दादाला फार मानणारा. त्यानं कुणा गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून ढिली झालेली चेन बदलण्याऐवजी तिच्या कड्या कमी केल्या. हे सर्रास करतात. ताण देण्याचा बोल्ट शेवटच्या खुणेपर्यंत गेला की कड्या काढायच्या. चेन आखूड होते, ताठ बसते, वरून बघणाऱ्याला नवीसारखी वाटते. आत झीज तितकीच असते. दादाला हे कळल्यावर तो गॅरेजात गेला आणि सगळ्यांसमोर इरशादला म्हणाला की तू त्या माणसाला चेन दिली नाहीस, खोटं दिलंस. आणि पंधरा दिवस त्याच्याशी बोलला नाही. इरशाद दोनदा माझ्याकडे येऊन गेला, "दीदी, दादा से कह दो, अब नईं करेंगे." मी दादाला म्हटलं, एवढं काय, त्यानं एक चेन आखूड केली, माणूस मारला नाही. दादा म्हणाला, "जी वाईट दिसते तिची भीती नाही गं. माणूस सावध राहतो. ही चांगली दिसते." मग सोळाव्या दिवशी स्वतःच त्याच्याकडे चहा प्यायला गेला.

साखर त्याला पंधरा वर्षं होती. औषध घ्यायचा, गोडही खायचा. गेल्या हिवाळ्यात मी सकाळी त्याच्याकडे गेले होते. तो गॅसपाशी उभा राहून माझ्याशी बोलत होता, दूध उतू जायला आलं तसं त्यानं वळून पातेलं उचललं आणि ओट्यावर ठेवलं. सांडशी बाजूलाच होती, ती घेतली नाही. नुसत्या हातानं, दोन्ही काठ धरून, सावकाश. आणि बोलणं न थांबवता साखरेचा डबा काढायला लागला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. थोड्या वेळानं त्याला बहुतेक वास आला. त्यानं अंगठा नाकाशी नेला, मग तर्जनी, मग नळाखाली धरली आणि म्हणाला, "पातेलं तापलं होतं वाटतं." फोड यायला लागले होते. मी मलम लावलं. मलम लावताना मुद्दाम थोडं दाबलं. तो खिडकीबाहेर बघत मला कुणाच्या तरी निवृत्तीची गोष्ट सांगत राहिला... मला ओळखणारे लोक म्हणतात की माझ्या जिभेला हाड नाही. डॉक्टर बदल, भात कमी कर, गळकं छप्पर पावसाआधी नीट करून घे, असलं सगळं मी त्याला तोंडावर सांगत आले. त्या दिवशी मी दूध गाळलं, चहा केला आणि घरी आले. हे बोलायचं म्हणजे पुढचंही बोलायला लागलं असतं. दादा, तुझ्या बोटांना कळत नाही, तेव्हा तुझा रविवार संपला. एकटा माणूस. नोकरी नाही, बायको नाही. रविवारी नऊ वाजता चार लोक गाड्या घेऊन दारात येतात एवढंच त्याच्याजवळ होतं. ते मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ, असं मला वाटलं. आणि मनात असंही होतं की इतकी वर्षं बरोबर आलं आहे तर आणखी थोडे दिवस येईल.

अपघाताच्या तीन आठवडे आधी एका रविवारी मी डाळीचं पीठ द्यायला गेले तेव्हा तो पोत्यावर बसला होता. त्याची स्वतःची गाडी, डोळे मिटलेले, बोटं चेनखालून पुढे सरकत होती. मी पायरीवर बसले. माझ्या जागेवरून मागची गरारी समोर दिसत होती. मी आयुष्यभर सुटे भाग हातांत घेतलेली बाई आहे. त्या गरारीचे दात सरळ नव्हते. सगळे एका बाजूला कललेले, टोकाला धार आलेली. ताण देण्याचा बोल्ट शेवटच्या खुणेच्या जरा आधी होता. माझ्या स्टोअरमध्ये असा भाग आला असता तर मी तो फळीवर ठेवला नसता. दादानं एक फेरा पूर्ण केला, डोळे उघडले, बोटं पोत्याला पुसली आणि म्हणाला, "दोन हजार तरी काढेल." मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. नेहमी असा आकडा सांगितला की मी काहीतरी टोमणा मारायचे, आणि मला वाटतं तो त्याची वाट बघत होता. मी म्हणाले, "पीठ आत ठेवू का?" तो म्हणाला, "ठेव." चेन-सेट आणायला मला स्वतःला एक तास लागला असता. मानिक चौकात तीन दुकानांत तो मिळतो. गाडीचं नाव सांगितलं की पुडकं काढून देतात.

मी पोचले तेव्हा त्याला कोणाच्या तरी व्हॅनमध्ये झोपवलं होतं. गाडी रस्त्याच्या कडेला आडवी होती. तिच्याजवळून जाताना मी थांबले नाही, पण पाहिलं. चेन गरारीवरून उतरून गोळा झाली होती आणि चाक आणि ते धरणारा चिमटा यांच्या मध्ये दाबून बसली होती. मागचं चाक जागच्या जागी अडकलं होतं. रस्त्यावर रबराची लांब काळी रेघ होती, पहिल्यांदा सरळ, मग वाकडी, दुभाजकापर्यंत. डोक्याला काही लागलं नव्हतं, कारण हेल्मेट होतं. लागलं होतं ते छातीत आणि पोटात. दवाखान्यात आधी ठीक आहे म्हणाले, मग आत रक्तस्राव आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत जाऊ दिलं. तो जागा होता, नळ्या लावलेल्या, आवाज बारीक. माझ्या तपासणीचं काय झालं ते त्यानं आधी विचारलं. मी सांगितलं, पुढे ढकलली. मग तो म्हणाला, "सुनी, चेन होती का?"

मी म्हणाले, "नाही. कुत्रं आडवं आलं."

हे उत्तर मी तयार करून नेलं नव्हतं. बिजौलीच्या रस्त्यावर कुत्री फार, म्हणून तेच तोंडात आलं. त्याला वाटू नये की त्याचा अंदाज चुकला, एवढंच डोक्यात होतं.

"मला कुत्रं दिसलं नाही."

"अचानक आलं. लोकांनी पाहिलं," मी म्हणाले. "तू ब्रेक मारलास."

"कुठल्या बाजूनं आलं?"

"डावीकडून."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली... मग म्हणाला, "म्हणजे आता डोळेही गेले म्हणायचे." आणि आणखी थोड्या वेळानं, अगदी साधेपणानं, ऑफिसातला कागद पुढे सरकवावा तसं, "गाडी कोणाला तरी देऊन टाक. मी आता चालवू नये." मी 'बरं' म्हणाले. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. डोळे चांगले आहेत दादा, कुत्रं नव्हतंच, एवढं म्हणता आलं असतं. पण मग चेन होती हेही म्हणावं लागलं असतं, आणि ते वाचवण्यासाठीच तर मी पहिलं खोटं बोलले होते. उद्या सांगू, जरा ताकद येऊ दे, असं ठरवून मी बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तो गेला. माझा भाऊ, ज्यानं तेहेतीस वर्षं लाल फराटे ओढले, त्यानं शेवटचा फराटा स्वतःच्या डोळ्यांवर ओढला, आणि त्याचे डोळे ठणठणीत होते.

दवाखान्यात त्या वेळी माझा नवरा दाराशी होता. त्यानं ऐकलं आणि बाहेर सगळ्यांना तेच सांगितलं. तेराव्या दिवसापर्यंत कुत्र्याचा रंगही ठरला होता, भुरा. मंडळातल्या दोघांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला. दादाच्या शेजारच्या मिश्रा चाची रोज सकाळी कोपऱ्यावरच्या कुत्र्यांना पोळ्या घालायच्या, त्यांनी पोळ्या बंद केल्या. बिजौली कुठे आणि ही गल्ली कुठे, पण त्यांच्या मनानं घेतलं. ती कुत्री अजून सकाळी त्यांच्या दाराशी येऊन बसतात आणि चाची खिडकी लावून घेतात. मला ते बघवेना. मी गेले आणि स्पष्ट सांगितलं की चाची, कुत्ता नहीं था, चेन उतरी थी, मैंने झूठ बोला. त्यांनी माझा हात हातात घेतला. "बिटिया," म्हणाल्या, "तुम हमाओ मन रखबे के लानें कह रईं." म्हणजे मी त्यांचं मन राखायला असं बोलते आहे. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला की तुला धक्का बसलाय, काही दिवस कामावर जाऊ नकोस. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. खोटं एकदा बोलले तर सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि खरं दोनदा बोलले तर कोणी ठेवत नाही. म्हणून हे छापून येऊ दे.

इरशादनं मात्र मला काही विचारलं नाही. गाडी त्याच्याकडेच आणली होती, चेन त्यानंच कापून काढली होती, त्यामुळे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. महिनाभरानं मी गेले तेव्हा त्यानं स्टूल पुसून दिलं आणि कितीतरी वेळ हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, एक बात है दीदी, कहें के न कहें. मी म्हटलं, सांग. दादा जायच्या पंधरा-वीस दिवस आधी गाडी घेऊन आला होता. कधी असं करत नसे, पण त्या दिवशी म्हणाला, इरशाद, जरा हात लावून बघ, तुला काय वाटतं. म्हणजे मी पायरीवर बसले होते त्या रविवारनंतर दोन-चार दिवसांतच. इरशादला वाटलं, कड्या काढल्याचं ते जुनं प्रकरण आहे आणि दादा आपली परीक्षा घेतोय. "हमने हाथ नईं लगाओ, दीदी," तो म्हणाला. "हमने कही, दादा, जो आपकी उँगली कहे सोई सही. आपके सामने हम का देखें." दादा हसला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडी सुरू करून गेला. इरशाद मला हे सांगताना रडत होता. मी त्याला गप्प केलं नाही. त्याला काय सांगणार होते, त्याच्याआधी मी गप्प बसले होते आणि मला तर हातही लावायचा नव्हता, समोर दिसत होतं. तरी घरी येताना मी स्वतःला समजावलं की दादा खरंच परीक्षा घेत असेल. त्याचा स्वभाव तसा होता.

परवा त्याची खोली रिकामी करायला घेतली. घरमालकाला जागा हवी आहे. भांडी दिली, अंथरूण दिलं, फडताळातले कपडे काढून पलंगावर ठेवले. अकरा शर्ट, इस्त्रीचे. कुणाला देण्याआधी बटणं शाबूत आहेत का बघावीत म्हणून एक उघडायला गेले तर तो नुसत्या ओढीनं उघडला. वरची बटणं तशीच शिवलेली होती, पण ती काजात जात नव्हती. काजं शिवून बंद केली होती, बटण वर शोभेला, आणि खाली आतल्या बाजूनं टिचबटणं बसवली होती. मी दुसरा शर्ट पाहिला, तिसरा पाहिला. अकराच्या अकरा. मुलीच्या लग्नात घातलेला आणि नंतर कधीच न घातलेला रेशमी शर्टसुद्धा. मानिक चौकातल्या आमच्या शिंप्याचं काम, मी टाका ओळखते. त्याला जाऊन विचारलं तर म्हणाला, दिवाळीच्या आधीच करून नेले, सगळे एकदम, आणि दीदी से मत कहना असं बजावून गेले. दिवाळीच्या आधी. म्हणजे ते दुधाचं पातेलं त्याच्याही पुढे दोन महिन्यांनी.

मी परत खोलीवर आले आणि पलंगावर बसून एक शर्ट वरून खालपर्यंत लावला. टिचबटण बसलं की आवाज येतो. बोटाला कळलं नाही तरी कानाला कळतं, म्हणून त्यानं तेच निवडलं असणार. सात बटणं, सात आवाज. त्याला माहीत होतं. रविवारी डोळे मिटून, बोट फिरवून, दोन हजार तरी काढेल असं म्हणून तो माझ्याकडे बघत बसला होता, आणि मी त्याला पीठ आत ठेवू का विचारलं.